वेल्श गायीचं पुस्तक

मी एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. माझी पाठ उसवली आहे, मागच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा मडम नावाच्या गायीने खाल्ला आहे आणि माझ्या शेवटच्या दोन पानांवर ज्वारीच्या पिठाचे डाग आहेत. मित्रांनो, एवढं ऐकून नाक मुरडू नका. मी जन्माने विलायती असलो तरी माझं सगळं आयुष्य अमळनेरला गेलं आणि मला जी काही अक्कल आली ती तिथेच आली.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका छापखान्यात झाला. वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातली एक फार जुनी दंतकथा घेऊन कुणीतरी मला लिहिलं. माझी नायिका तेरा वर्षांची आहे. तिची आई डोंगरातल्या एका तळ्यातून आलेली परी. ती पाण्यातून वर आली तेव्हा तिच्या मागोमाग पांढऱ्या अंगाच्या आणि लाल कानांच्या गायी बाहेर आल्या. तिने एका शेतकऱ्याशी लग्न केलं ते एका अटीवर. नवऱ्याने विनाकारण तीनदा हात लावला, अगदी चापटी जरी मारली, तर ती गायींसकट पुन्हा तळ्यात जाईल. गोष्ट सुरू होते तेव्हा दोनदा हात लागून झालेला असतो. तिसरा लागू नये म्हणून ही तेरा वर्षांची पोर जिवाचं रान करते. अशी आहे माझी गोष्ट. मोठमोठ्या लोकांनी माझं कौतुक केलं, माझ्या आवृत्त्या निघाल्या आणि मला थोडा गर्व झाला, हे मी कबूल करतो.

गर्वाचं घर खाली. १९८३ साली परदेशातून भेट आलेल्या पुस्तकांच्या एका खोक्यात बसून मी अमळनेरच्या एका वाचनालयात येऊन पडलो. तिथले ग्रंथपाल रुपचंदभाऊ अतिशय शिस्तीचे गृहस्थ. शिक्का मारताना ते श्वास रोखून धरत. त्यांचं इंग्रजी मात्र शिक्क्यावरच्या अक्षरांपुरतं होतं. त्यांनी माझं मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर तळ्याकाठी उभी असलेली पांढरी, लाल कानांची गाय. मग त्यांनी आतली चार पानं चाळली. जिकडे तिकडे ‘वेल्श’ हा शब्द. त्या वर्षांत आपल्याकडे संकरित गायींची फार हवा होती. जर्सी, होल्स्टीन ही नावं पानाच्या टपरीवरसुद्धा ऐकू यायची. रुपचंदभाऊंनी दोन अधिक दोन केले आणि नोंदवहीत वळणदार अक्षरात लिहिलं, ‘वेल्श जातीची गाय. विभाग: पशुसंवर्धन.’ मग त्यांनी मला शेळीपालन आणि कुक्कुटपालन यांच्या मध्ये उभं केलं.

मित्रांनो, तुम्हीच सांगा, ज्याला लोकांनी अभिजात म्हटलं त्याने कोंबड्यांच्या रोगांना टेकून उभं राहायचं? वर्षभर मी कुणाशी बोललो नाही. कुक्कुटपालन बिचारं बोलायला बघायचं, पण मी मान वळवून घ्यायचो.

१९८४ च्या जून महिन्यात हिलालआबा वाचनालयात आले. अमळनेरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावचे बऱ्यापैकी शेतकरी. कापूस चांगला पिकायचा, घरात चार माणसं, आणि नुकतीच घेतलेली एक संकरित गाय. ती विलायती रक्ताची म्हणून गावाने तिचं नाव मडम ठेवलं होतं. मडम दिसायला देखणी, पण दूध द्यायच्या वेळी तोंड फिरवून उभी राहायची. आबांनी सगळे उपाय करून पाहिले होते. पशुसंवर्धनाच्या कपाटात लाल कानांची गाय बघताच त्यांचे डोळे चमकले. पुस्तक इंग्रजी आहे, असं रुपचंदभाऊंनी बजावलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं की आमच्या घरात इंग्रजी वाचणारी सून आहे.

आता ही सुंदर नावाची सून आणि तिचं इंग्रजी यांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. सुंदरचं माहेर पाचोऱ्याचं. मे महिन्यात लग्न झालं. लग्न जुळवताना तिच्या मामांनी बैठकीत ठोकून दिलं होतं की पोरगी इंग्रजी फाडफाड वाचते. खरं तर ती दहावीला फक्त इंग्रजीतच नापास झालेली होती. शंभरात अठ्ठावीस. ऑक्टोबरच्या परीक्षेला पुन्हा बसायचं तिच्या फार मनात होतं. पण बसायचं म्हणजे फॉर्म भरायचा, फॉर्म भरायचा म्हणजे सासरी नापास असल्याचं सांगायचं आणि सांगायचं म्हणजे मामांसकट सगळ्या माहेराचं नाक कापायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प बसली होती. फॉर्मची शेवटची तारीख तिने ट्रंकेतल्या शब्दकोशाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवली होती.

अशा मुलीच्या हातात आबांनी भर ओट्यावर मला ठेवलं. पाच-सहा शेजारणी धान्य निवडत बसल्या होत्या. सासूबाई धुरपदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांना अक्षरओळख नव्हती, पण माणूस त्या डोळ्यांवरून वाचत. सुंदरने मला उघडलं. तिने पहिलं वाक्य मनात तीनदा वाचलं आणि त्यातले चार शब्द तिला कळले. मग तिने घसा साफ केला आणि सांगितलं की पुस्तक फार कठीण आहे, रोज थोडंथोडंच सांगता येईल.

त्या दिवसापासून सुंदर दुपारी मला आणि शब्दकोशाला घेऊन गोठ्यात बसे आणि संध्याकाळी ओट्यावर गोष्ट सांगे. सुरुवातीला तिने माझे जे हाल केले ते विचारू नका. माझ्यातल्या माणसांच्या नावांत पाच-पाच व्यंजनं एका रांगेत उभी असतात. ती उच्चारताना तिची जीभ अडखळली, तेव्हा तिने बारसंच करून टाकलं. माझी नायिका झाली ताईबाई आणि तिचा बाप झाला झुलाल. बापाने बायकोला टोपीने मारल्याचं कळलं, तेव्हा गल्लीतल्या खऱ्या झुलालभाऊंना शेजारणींनी आठ दिवस ताक दिलं नाही.

त्याहून मोठा घोळ परीचा झाला. इंग्रजीत परी आणि होडी यांच्या शब्दांत फारसा फरक नाही. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की झालं. शब्दकोशात सुंदरचं बोट चुकीच्या ओळीवर पडलं आणि माझी स्वर्गीय परी होडी चालवणारी बाई होऊन बसली. मला रडू कोसळायचं बाकी होतं. शेजारणींना मात्र ही बाई फार आवडली. तापीवर होडी चालवणाऱ्या बायका कष्टाळू असतात, असं त्यांच्यात एकीने ठामपणे सांगितलं.

आबांना या सगळ्यात रस नव्हता. ते दर संध्याकाळी शेवटी गायीच्या खाण्याबद्दल एकच प्रश्न विचारत.

“सुंदर, यामां गायले काय खावाडानं लिखेल शे?”

चार दिवस तिने टाळलं. पाचव्या दिवशी माझं तिसरं प्रकरण तिच्या मदतीला आलं. त्यात शेतकरी तळ्यातल्या बाईला भाकरी देऊ करतो. कडक भाजलेली ती नाकारते, कच्चं पीठ नाकारते आणि अर्धवट भाजलेली मात्र घेते. सुंदरने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, फक्त बाईच्या जागी गाय घातली. अक्कांनी लगेच कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाच्या अर्ध्या कच्च्या भाकरी केल्या. मडमने त्या मिटक्या मारत खाल्ल्या आणि नंतर समाधानाने माझा कोपराही खाल्ला. चौथ्या दिवशी तिचं दूध अर्ध्या लिटरने वाढलं.

आता खरं सांगायचं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली होती. सुंदर दुपारभर गोठ्यात बसायची. बसल्याबसल्या ती मडमला दोनदा पाणी पाजायची, तिच्या गळ्याखाली खाजवायची आणि माझी वाक्यं मोठ्याने वाचून दाखवायची. गाढवापुढे गीता वाचून उपयोग नसतो म्हणतात, पण गायीपुढे वाचल्याचा उपयोग होतो हे मी पाहिलं आहे. श्रेय मात्र सगळं मला मिळालं. आबा बाजाराच्या दिवशी मला पुन्हा नोंदवायला वाचनालयात नेत, तेव्हा पिशवीत न घालता छातीशी धरून नेऊ लागले. मी जरा ताठ बसू लागलो.

याच भाकरींच्या गडबडीत मला तो अपघात झाला. एका सकाळी अक्का पीठ मळून बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, मला मांडीवर घेतलं आणि पानं उलटत शेवटपर्यंत गेल्या. तिथे समोरासमोरच्या दोन पानांवर माझी शेवटची चार वाक्यं आणि शेवटचं चित्र आहे. ते चित्र त्या बराच वेळ पाहत बसल्या. तेवढ्यात मडमने दावं तोडलं आणि गल्लीत आरडाओरडा झाला. अक्का मला तसंच उघडं, पालथं, पिठाच्या परातीवर झाकण म्हणून ठेवून धावल्या. परत आल्यावर त्यांनी मला घाईघाईने मिटून कोनाड्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी पीठ वाळलं आणि माझी एकशे शहाऐंशी आणि एकशे सत्त्याऐंशी ही दोन पानं एकमेकांना अशी चिकटली की त्यांचं एकच जाड पान झालं.

मित्रांनो, त्या दोन पानांत माझा शेवट होता. एकशे पंच्याऐंशीव्या पानावर बाई तळ्यात जाते, मागोमाग गायी जातात आणि पाणी मिटतं. तिथे वाक्य पूर्ण होतं. पुढे एकदम प्रकाशकाच्या जाहिराती दिसायच्या. वाचणाऱ्याला वाटावं, संपली गोष्ट. माझ्या पोटात शेवट होता आणि तोंडाला पीठ लागलेलं होतं.

इकडे सुंदरचं इंग्रजी सुधारत चाललं होतं. आता तिला वाक्यातले आठ-दहा शब्द कळू लागले, आणि जुलै संपेपर्यंत तर ती शब्दकोश मिटून अख्खा परिच्छेद वाचू लागली. गाय मागे पडली आणि खरी गोष्ट पुढे आली. तीन वेळा हात लावायच्या अटीवर ती पोहोचली तेव्हा ओट्यावर जागा उरली नव्हती. आबांनी जरा नाराजीने विचारलं की हे पुस्तक गायीचं आहे की बाईचं.

“आबा,” सुंदर म्हणाली, “बाई गई ते तिना मांगे गायी बी जातस.”

आबा विचारात पडले. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून घरात एक नवाच नियम लागू झाला.

पहिला प्रसंग एसटीच्या वेळी घडला. सुंदर वेणी घालत होती आणि गाडी सुटायला आली होती. निंबाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, घडी केलेल्या टोपीने तिच्या खांद्यावर थापटी मारली आणि चल लवकर म्हणाला. ओट्यावरून आबांचा गंभीर आवाज आला, “एक.” निंबाला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याने टोपी डोक्यावर घातली आणि दिवसभर काढली नाही.

दुसरा प्रसंग पाचोऱ्याला एका बारशात घडला. तिथे सुंदरच्या मामांनी पाहुण्यांपुढे तिच्या इंग्रजीची पुन्हा बढाई सुरू केली. ते ऐकून सुंदरला हसू आवरेना, आणि निंबाने तिला कोपराने ढोसलं. हे आबांनी पाहिलं नव्हतं. पण निंबा मुळात सरळ माणूस. घरी येऊन त्याने स्वतःच खाली मान घालून सांगितलं की दोन झाले. गल्लीत ही बातमी पाणी भरायच्या वेळेपर्यंत पसरली. बायका सुंदरला अदबीने वाट देऊ लागल्या. काही घरांत नवरे हात मागे बांधून बोलू लागले, कारण आता प्रत्येकीने आपापला आकडा सांगायला सुरुवात केली होती.

सगळे हसत होते. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. तांदूळ निवडता निवडता त्या एवढंच म्हणाल्या, “मना टाइमले कोनी मोजंच नही.”

आबा उठून गोठ्यात गेले आणि मडमसमोरची घमेली उगीचच सरळ करत बसले. मी कोनाड्यातून त्यांच्याकडे बघत होतो. मला थेट इंग्रजीत वाचून कुणाला इतकं लागलं असेल, असं मला वाटत नाही.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशची देवी, बसली. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीत पोहोचवून बायका घरी आल्या. त्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, सुंदर माझ्या एकशे पंच्याऐंशीव्या पानावर पोहोचली. शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख होती. हे ओट्यावर दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला.

तिने तिसरा हात सांगितला, बाईचं पाण्याकडे चालत जाणं सांगितलं, तिच्या हाकेसरशी एकेक गाय दावं सोडून निघाल्याचं सांगितलं. काठावर उभ्या राहिलेल्या ताईबाईचं सांगितलं. पाणी मिटलं, असं म्हणून ती थांबली. बायका डोळे पुसत होत्या. झुलालभाऊ दूर कडुनिंबाच्या झाडाखाली उभे होते, तेही नाक पुसत होते.

तेव्हा अक्कांनी विचारलं, “परत नही येस का ती?”

कानबाई तर दरसाल पाण्यात जाते आणि दरसाल येते, मग हिलाच यायला काय झालं, अशी बायकांत कुजबुज झाली. सुंदरने माझं पान उलटलं. समोर प्रकाशकाच्या जाहिराती होत्या. मी आतून ओरडत होतो की पान सोडव, नखाने सोडव, चाकूने सोडव. पुस्तकाचं ओरडणं कुणाला ऐकू येत नाही. तिने एकवार सासूकडे पाहिलं, मला मिटलं आणि स्वतःच्या मनाने सांगितलं,

“येस. पोरले शिकाडाले येस.”

माझी शिवण उसवली ती त्याच क्षणी. लोक समजतात जुनेपणामुळे उसवली.

आणि हे बोलून सुंदर रडायला लागली. आपणच रचलेला शेवट तिला सोसला नाही. खोटं आता आणखी ओढवेना. सगळ्यांसमोर ती म्हणाली, “आबा, मी दहावी नापास शे. इंग्रजीमां. मामा खोटं बोलना.”

निंबा ताडकन उठला. सगळ्या गल्लीदेखत त्याच्या तोंडाला काळं लागलं होतं. अडीच महिने त्याने मित्रांत बायकोच्या इंग्रजीच्या गप्पा मारल्या होत्या. त्याचा हात वर गेला. हा हात टोपीचा नव्हता आणि कोपराचाही नव्हता.

तो वरच्यावर धरला अक्कांनी. बारीक चणीची बाई, पण आयुष्यभर जातं ओढलेला हात.

“दोन व्हयनात,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आते तिसरा लावशी ते बाई जाई, गाय जाई, आनि त्यास्ना मांगे मी बी जासू.”

निंबाने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. आईने हात सोडल्यावर त्याला त्या हाताचं काय करावं ते सुचेना. शेवटी त्याने त्याच हाताने डोकं खाजवलं आणि खाली बसला. पुढे बारा वर्षांत तो आकडा दोनच्या पुढे गेला नाही, हे मी खात्रीने सांगतो.

आबा अजून कोड्यातच होते. ते माझ्याकडे बघत होते, सुनेकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश विचारलं, “मंग हाई बठ्ठं पुस्तक कोनी वाचं?”

सुंदरने डोळे पुसत सांगितलं की आपणच वाचलं, शब्दकोश घेऊन, चुकत-माकत. भाकरी गायीची नव्हती हेही तिने सांगून टाकलं. आबांनी थोडा हिशेब केला. अर्धवट भाकरी खोटी असेल, पण दूध खरं होतं.

“नापास व्हती तवय अर्धा लिटर वाढनं,” आबा म्हणाले. “पास व्हयनी ते काय व्हई!”

शनिवारी ते स्वतः तिला घेऊन पाचोऱ्याला गेले आणि फॉर्म भरून आले. मामांना भेटले का, असं बायकांनी विचारलं. आबा म्हणाले, भेटलो, आणि त्यांनाही फॉर्म घे म्हणून सांगितलं.

सुंदरला इंग्रजीत एक्केचाळीस गुण मिळाले. ही बातमी मला रुपचंदभाऊंच्या तोंडून कळली, कारण तोवर मी परत कुक्कुटपालनाशेजारी आलो होतो. या वेळी मी आपण होऊन त्याची चौकशी केली.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं माझी भरभराटीची. वेल्श गायीचं पुस्तक न्यायला लांबलांबचे शेतकरी यायचे. वाचायचं कुणी नाही. आठ दिवस गोठ्यात उंच जागी ठेवायचे आणि परत करायचे. वरणगावचे एक गृहस्थ गुरांच्या दवाखान्यात जाऊन वेल्श गायीची चौकशी करून आले. तिथल्या डॉक्टरांनी सध्या उपलब्ध नाही असं सांगून वेळ मारून नेली. मी मनात म्हणायचो, अरे, एकदा उघडून तर बघा. पण मी आता बोलायचं सोडून दिलं होतं.

मग घरोघरी टीव्ही आले, केबल आली. गोठ्यात जायचं बंद झालं आणि कपाटातच कसर लागू लागली. १९९६ साली वाचनालयाच्या समितीने जुनी पुस्तकं काढून टाकायचा ठराव केला. मला सुतळीने बांधून रद्दीच्या ढिगावर ठेवलं. कुक्कुटपालन माझ्याखालीच होतं. मला एकाच गोष्टीची चुटपुट लागली होती. माझ्या पोटातला शेवट कुणीच न वाचता मी जाणार होतो.

त्याच आठवड्यात एक बाई मुलीचं नाव वाचनालयात घालायला आल्या. मुलीचं नाव त्यांनी ताईबाई सांगितलं, तेव्हा मी दचकलो. बाईंचं लक्ष ढिगाकडे गेलं आणि मडमने खाल्लेला कोपरा त्यांनी ओळखला. सुंदर आता गावात अंगणवाडी सेविका झाली होती. तिने मला मागितलं. रुपचंदभाऊंपुढे पेच पडला. काढून टाकलेलं पुस्तक वाचायला देता येत नाही, असा नियम. बराच विचार करून त्यांनी सांगितलं की जे पुस्तक नोंदवहीत नाही ते वाचनालयात नाही, आणि जे वाचनालयात नाही ते कुणी नेलं तर मला दिसत नाही. असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पुन्हा तोच ओटा. आबा आता थकले होते, मडमची नात गोठ्यात होती. सुंदरने मला पहिल्यापासून वाचायला घेतलं, या वेळी शब्दकोशाशिवाय. तिचं बोट आता ओळीवरून कुठेही न अडता जात होतं. मध्येच ती हसायची. पहिला हात टोपीने नव्हे, हातमोज्याने लागला होता, हे तिला आता कळलं. आणि एका दुपारी ती कपाळावर हात मारून अक्कांना म्हणाली की ही बाई होडीवाली नव्हतीच, ही परी होती.

अक्कांना ही बिनकामाची परी पसंत पडली नाही. “होडीवालीच बरी व्हती,” त्या म्हणाल्या. “परीसले काय काम ऱ्हास?”

मित्रांनो, मी तोच होतो, एक अक्षर बदललं नव्हतं. पण पहिल्यांदा वाचताना सुंदर त्या आईसाठी रडली होती. आता ती काठावरच्या मुलीपाशी थांबत होती, मान वर करून अंगणात खेळणाऱ्या आपल्या ताईबाईकडे बघत होती. मला वाटलं, तिने मला पहिल्यांदाच वाचलं.

शेवटाकडे आल्यावर तिच्या लक्षात आलं की एकशे पंच्याऐंशीनंतर एकदम एकशे अठ्ठ्याऐंशी येतं. तिने ते जाड पान चिमटीत धरून उन्हाकडे केलं. चहाच्या पातेल्यातून वाफ येत होती. तिने मला त्यावर धरलं. मी भाजलो, पण हूं की चूं केलं नाही. पीठ सुटलं, बारा वर्षांनी माझी दोन पानं वेगळी झाली. तिने वाचलं आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं. तळ्याकाठी रोज पहाटे ती परी येते, मुलीला जवळ बसवते आणि तिला झाडपाल्याची विद्या शिकवते. चित्रातही तेच. पाण्यात पाय सोडून बसलेली आई, शेजारी मुलगी, मध्ये पानांचा ढीग.

“अक्का,” सुंदरने हाक मारली, “ती खरंच परत येस. पोरले शिकाडाले.”

मी श्वास रोखून धरला. माझं बारा वर्षांचं गुपित बाहेर पडलं होतं.

“मंग त्यामां नवं काय शे?” अक्का म्हणाल्या. “माले माहीत व्हतं. पीठ लागाना पह्यले मी ते चित्र देखेल व्हतं. म्हनीसनच तुले इचारं, परत येस का.”

आणि त्यांनी चहा मागितला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटत होतं माझा शेवट एकट्या मलाच ठाऊक आहे. तो साऱ्या खानदेशात सगळ्यात आधी कळला होता ते अक्षरओळख नसलेल्या बाईला, आणि ती बारा वर्षं त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. सुंदरने पदराने डोळे पुसले आणि चहात साखर जरा जास्तच घातली.

पुढच्या बाजाराला तिने मला वाचनालयात परत दिलं. नवीन भेट म्हणून रुपचंदभाऊंनी माझी पुन्हा नोंद केली आणि विचारलं की आता ही गोष्ट आहे असं कळलंय, तर कादंबरी विभागात ठेवू का. सुंदर म्हणाली, नको, पशुसंवर्धनातच असू द्या, तिथे गरजू माणसं येतात. मीही मनातल्या मनात हो म्हटलं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पुस्तकाला ओले हात लावू नका, त्याचे कोपरे गायीला खाऊ देऊ नका, आणि त्याला परातीवर झाकण म्हणून तर कधीच ठेवू नका. आणि ठेवलंच, तर नंतर पानं मोजून बघा.